घर भरलंय, पण बोलायला कुणी नाही

मागच्या महिन्यात या पानावर पॅलिएटिव्ह केअरबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे आजार आता बरा होणार नाही असं कळल्यावरही पेशंटचं दुखणं, धाप, भीती, घरच्यांची ओढाताण हे सगळं हलकं करायला जे उपचार असतात ते. खाली एक ओळ टाकली होती, काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं लिहा म्हणून. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथं उत्तर देता येणार नाही, पाच निवडलीत, नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. मी नर्स आहे, सोलापुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत अशा पेशंटच्या घरी जाते. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळी किती घ्यायची ते इथं सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: ताई नमस्कार. मी पुण्याला कंपनीत आहे, आईवडील सोलापुरात अक्कलकोट रोडला. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. किमो झाल्या, आता डॉक्टर म्हणतात अजून किमो देऊन उपयोग नाही, घरी न्या आणि सेवा करा. आम्ही वडिलांना कॅन्सर आहे हेच सांगितलेलं नाही, गाठीचं इन्फेक्शन म्हणून सांगितलंय. फाईलवरचं नाव दिसू नये म्हणून आईनं तिला खाकी कव्हर घातलंय. ते रोज विचारतात पुढची सलाईन कधी. मी फोन केला की आई बाहेर अंगणात जाऊन बोलते. मोठे काका म्हणतात सांगितलं तर धसक्यानंच जातील. काय करू?

दादा, हाच प्रश्न सगळ्यात जास्त घरांतून आलाय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मला सांगा, वडिलांना खरंच काही माहीत नसेल? किमोच्या वॉर्डात माणूस तासन्‌तास बसतो, शेजारच्यालाही सलाईन लागलेली, त्याचेही केस गेलेले, मग गप्पा निघतातच की, तुम्हाला कुठला, मला घशाचा. ज्या माणसानं मिलच्या भोंग्यावर आयुष्य काढलं, मिलचे दिवस भरलेत हे नोटीस लागायच्या आधी ज्याला कळलं असणार, त्याला स्वतःच्या अंगात काय चाललंय ते कळत नाही असं मला तरी वाटत नाही. बोलत नाहीत कारण तुम्ही घाबराल. तुम्ही त्यांना जपताय, ते तुम्हाला जपतायत आणि आई बिचारी अंगणात उभी राहून फोनवर रडतेय.

मोहोळकडं एक आजोबा होते. मी पट्टी बदलत होते, पोरं चहा आणायला आत गेली तसं हळूच म्हणाले, सिस्टर, माझं काय खरं नाही ते मला कळलंय, पण थोरल्याला सांगू नका, तो लहानपणापासून भित्रा आहे. मी बाहेर आले तर तोच थोरला दारात, म्हणे सिस्टर, आबांना काही कळू देऊ नका हां. दोघांना मी एकाच खोलीत बसवलं आणि बाहेर आले, दुसरं काही केलं नाही. नंतर कळलं की आबांनी त्या दिवशी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्यात ते तोंडी सांगून लिहून घेतलं, कागद कुठंच नव्हता त्याचा, आणि ज्या भावाशी बरीच वर्षं बोलणं नव्हतं त्याला फोन लावायला सांगितला. भाऊ आला, दोन दिवस राहिला. हे सगळं आत अडकून पडलं होतं, आणि घरातले सगळे त्याच्यावर झाकण ठेवून बसले होते.

काकांच्या धसक्याचं म्हणाल तर तो कसं सांगितलं याच्यावर आहे. दारात उभं राहून, घाईत, दहा जणांसमोर सांगितलं तर कुणाचंही काळीज हलेल. तुम्ही एक दिवस रजा काढा, हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतरा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईला सोबत घेऊन त्यांच्या खाटेवर बसा, टीव्ही बंद, फोन बंद. सांगायला सुरुवात करू नका. विचारा, बाबा, आजाराचं तुम्हाला काय वाटतंय? आणि मग गप्प बसा, हे गप्प बसणंच अवघड जातं, आपण लगेच काहीतरी बोलून टाकतो. ते म्हणाले मला हे बरं होईलसं वाटत नाही, तर असं काय बोलताय म्हणून तोडू नका, हो बाबा, डॉक्टरपण तसंच म्हणाले, एवढं पुरे, आणि हात धरा. पण ते म्हणाले तुम्ही बघून घ्या, मला काही सांगू नका, तर तोही त्यांचा हक्क आहे, नका सांगू. फक्त खोटं बोलणं थांबवा. पुढची सलाईन कधी विचारलं की पुढच्या सोमवारी म्हणू नका. या सलाईननं आता फायद्यापेक्षा त्रास जास्त होईल म्हणून दुखणं कमी करायची औषधं चालू ठेवायची ठरलीत, असं सांगा, हे खरंही आहे आणि सोसवण्यासारखंही. किती दिवस असं विचारलं तर आकडा देऊ नका, नेमका आकडा डॉक्टरांनाही सांगता येत नाही, महिने का आठवडे एवढाच अंदाज असतो.

आणि घरी न्या, सेवा करा, एवढ्यावर तुम्ही थांबू नका. मला हे वाक्य ऐकलं की राग येतो, कारण पेशंटच्या घरच्यांना वाटतं आता करण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि खरं तर गिळायला त्रास, उलट्या, दुखणं, झोप या सगळ्यावर करण्यासारखं खूप असतं. डॉक्टरांना सरळ विचारा, पॅलिएटिव्ह केअर कुठं मिळेल. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे १९८२ पासून, तिथं चौकशी करा, सिव्हिलला करा. तुम्ही पुण्यातच आहात तर वारज्याचं सिपला पॅलिएटिव्ह केअर सेंटर एकदा बघून या, १९९७ पासून चालू आहे, पेशंटसोबत घरचं माणूस राहतं आणि पैसे घेत नाहीत. तिथं नेलं म्हणजे संपलं असं नसतं, दुखणं आटोक्यात आलं की घरी परत येणारे पुष्कळ असतात. रेल्वेनं उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, स्लीपर आणि थ्री एसीत तर पेशंटचं भाडंच माफ, सोबतच्यालाही सवलत, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला तेवढा घ्यावा लागतो.

प्रश्न: ओ ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. माझे मालक यंत्रमागावर होते, तंबाखूचा मावा खायची सवय. गालाचा कॅन्सर झालाय, तोंड उघडंना, नाकातल्या नळीतनं पातळ देते. दवाखान्यातनं मॉर्फिनची गोळी दिलीय दर चार तासाला, पण नणंद म्हणती ती अफू हाय, सवय लागंल, म्हणून लई ओरडायला लागले की मगच देते. रात्रभर झोप नाही. जखमेला वास येतो म्हणून सासूबाईंनी त्यांची खाट मागच्या खोलीत टाकलीय, ताटवाटी वेगळी, पोरांना जवळ जाऊ देत नाहीत लागंल म्हणून. आता तेच भिंतीकडं तोंड करून पडालेत, कुणाकडं बघतच नाहीत.

वहिनी, आज रात्रीपासून गोळी घड्याळ बघून द्या. ओरडायची वाट बघू नका. आपल्याकडं नळ काही दिवसांनी येतो, म्हणून आला की आपण सगळं भरून ठेवतो ना, घसा कोरडा पडल्यावर हंडा घेऊन पळत नाही. तसंच आहे हे. दुखणं एकदा डोक्यात भिनलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं आणि माणूस मधल्या वेळात भाजून निघतो. साध्या गोळीचा असर चारेक तास राहतो म्हणून चार तास सांगितलेत. साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, पण मॉर्फिनची एक जास्त वेळ चालणारी गोळीपण असते, ती कुटायची नसते, तेव्हा तुमच्याकडं कुठली आहे ते फोन करून विचारून घ्या.

आता नणंदेचं. अफूपासूनच येतं मॉर्फिन, त्यांचं ते खरं आहे. पण ज्याला कॅन्सरचं दुखणं आहे आणि डॉक्टरांनी मापून दिलंय तो काही नशेसाठी घेत नाही. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात, बास. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, ते कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र होणारच आणि ते जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध रोज सोबत हवंच, ते दिलं नसेल तर मागून घ्या. हाक मारून, हलवून जागे होत नाहीत किंवा श्वास फारच हळू चाललाय असं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. गोळ्या मोजून कुलपात ठेवा.

नणंदेला हेही सांगा की १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं हॉस्पिटलंसुद्धा मॉर्फिन ठेवायला भ्यायची, इतके परवाने लागायचे, आणि त्या काळात कितीतरी माणसं तडफडत गेली. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं याच्यामागं लागली तेव्हा कुठं २०१४ मध्ये संसदेनं कायद्यात बदल केला, तो तुमच्या मालकांसारख्या पेशंटसाठीच. तरी मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळते ही गोळी, प्रत्येक मेडिकलमध्ये नाही, म्हणून संपायच्या आठवडाभर आधी आणायचं बघा.

खरं सांगू, गालाच्या जखमेपेक्षा ते भिंतीकडं तोंड करून झोपणं मला जास्त लागलं. कॅन्सर लागट नाही वहिनी. एका ताटात जेवून, मिठीत घेऊन, त्यांचे कपडे धुऊन कुणाला होत नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, आपलं ऐकत नाहीत म्हाताऱ्या. वासावर उपाय आहे, मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकतात, त्यानं वास खूप कमी होतो. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम कशी धुवायची, पूड किती टाकायची, पट्टी दिवसातून किती वेळा बदलायची ते एकदा नर्सकडून समोर बसून शिकून घ्या. पट्टी बदलताना नाकाला पदर लावू नका, ते बघतात. खोलीची खिडकी उघडी ठेवा. आणि जमलं तर खाट पुढच्या खोलीत आणा जिथं पोरं अभ्यासाला बसतात. बोलता येत नसेल तर पोराची पाटी-पेन्सिल द्या हातात. एका घरी असंच केलं होतं, त्या माणसानं पाटीवर पहिलं काय लिहिलं माहितीये, मागाच्या मालकाकडं उचल किती बाकी आहे ते. ती काळजी बायकोला त्यानं सांगितलीच नव्हती, रात्ररात्र तीच चावत होती.

सिसली साँडर्स म्हणून एक बाई होत्या, आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं त्यांनी. त्या म्हणायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं, मनाचं असतं, घरादाराच्या काळजीचं असतं, देवानं माझ्याच वाट्याला का दिलं याचंही असतं. गोळी वेळेवर देऊनसुद्धा रात्री झोप लागेना तर डोस वाढवायचा का ते डॉक्टरांना विचाराच, पण त्यांच्याजवळ बसून उचलीचंही विचारा.

प्रश्न: आईला स्तनाचा कॅन्सर आहे, शेवटच्या टप्प्यात. बहिणीला पंढरपूरचं चांगलं स्थळ आलंय. नातेवाईक म्हणतात आईचं सांगू नका, आणि आई आहे तोवर उरकून टाका. बरोबर आहे का?

लपवू नका. लग्नानंतर कळणारच आहे आणि मग बहिणीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. बहुतेक कॅन्सर वारशानं येत नाहीत, शंभरात पाच ते दहाच तसे असतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये घरात दोघीतिघींना झाला असेल किंवा कमी वयात झाला असेल तर बहिणीनं डॉक्टरांशी एकदा बोलून ठेवावं, लग्न होवो न होवो. उरकायचं का हे नातेवाइकांनी ठरवायचं कारण नाही. आईला विचारलं का? आणि बहिणीला? माझ्या ओळखीत एका आईनं सांगितलं होतं की मंगल कार्यालय नको, माझ्या खाटेजवळ हार घाला, मला तेवढं बघायचंय. दुसऱ्या एकीनं म्हटलं होतं, माझ्यासाठी घाई करू नका, पोरीची परीक्षा होऊ दे. तुमच्या आईचं काय आहे ते तुम्हाला कळायचंय अजून.

प्रश्न: ताई, मी जुळे सोलापूरला राहते. आठ महिने झाले नोकरी सोडून आईचं करतेय, पोटाचा कॅन्सर आहे. भाऊ हैदराबादला, पैसे पाठवतो आणि रोज फोनवर हे कर ते कर सांगतो. मावश्या, आत्या येतात आणि म्हणतात हिला खायला घालत नाहीस म्हणून अशी झाली, मग स्वतः जबरदस्तीनं भरवतात, त्या गेल्यावर आई उलट्या करते आणि मी पुसते. परवा रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी तिच्यावर ओरडले, आणि मनात आलं की सुटावी एकदाची. तेव्हापासून मला स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही.

ताई म्हणून लिहिलंत म्हणून तुला अगं म्हणते. सुटावी एकदाची हे मनात येणं पाप नाही गं. मी ज्या ज्या घरात गेलेय तिथं जे माणूस रात्री उठतं त्याच माणसाच्या मनात हे आलेलं असतं, हैदराबादला बसलेल्याच्या मनात येत नाही. तिचे हाल संपावेत असं वाटणं आणि ती मरावी असं वाटणं, पहाटे तीन वाजता चादर धुताना या दोन्हींतला फरक कळत नाही. आईपाशी जा आणि सांग, परवा ओरडले, दमले होते. बाकी काही लांबण लावू नकोस. माझा अंदाज आहे ती तुझ्या डोक्यावरनं हात फिरवेल, तिला तुझे डोळे दिसतातच की.

खाण्याचं नीट समजून घे म्हणजे मावश्यांना सांगता येईल. या टप्प्यावर शरीराला अन्न वापरता येईनासं होतं, भूक जाते ती आजारामुळं. जेवत नाही म्हणून ती खंगली नाही, आजारानं खंगलीय म्हणून जेवत नाही. कोंबून घातलं तर उलटी, पोटफुगी, कधी घास श्वासनलिकेत जातो. ताकद यावी म्हणून सलाईनचा हट्ट धरतात तेही तसंच, शेवटी शेवटी शरीराला ते पाणी पेलत नाही, अंगावर सूज येते, छातीत साठून धाप लागते. तिला जे आवडतं ते दोन चमचे, ताक, आंबील, हुग्गी असेल तर हुग्गी, तिनं मागितलं तेव्हा. तोंड कोरडं पडतं म्हणून ओल्या कापसानं ओठ, जीभ पुसत राहा, थोडं तूप लाव ओठांना, याच्यानं तिला घासापेक्षा जास्त बरं वाटेल.

मावश्यांना काम दे. त्यांचाही जीव तुटतोय, बहीण जातेय त्यांची, आणि भरवण्यापलीकडं काय करायचं ते त्यांना माहीत नाही. एकीला सांग मंगळवार-शुक्रवार भाकरी आणि भाजी आण, शेंगाचटणी असू दे सोबत. दुसरीला म्हण दुपारी दोन ते पाच इथं बस, पाय चेपून दे, जुन्या गोष्टी काढ, मी झोपते. आणि खरंच झोप, भांडी घासू नकोस. भावाला सांग पैसे पाठवतोस ते बरं आहे, आता आठ दिवस सुट्टी काढून ये आणि रात्रीचं तू बघ. त्यानं यायलाच हवं, तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठीही, कारण लांब राहिलेल्या भावंडांचं रडणं नंतर फार वर्षं चालतं, बघितलंय मी.

सकाळी उठावंसंच वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो असं काही असेल तर थांबू नकोस, १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: सिस्टर, मी ५४ वर्षांची आहे, विड्या वळायचे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, हे पत्र नातवाकडून लिहून घेतेय, त्याचं अक्षर चांगलं आहे. घरात सगळे माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलतात, हिला पुण्याला नेऊ, हिला मशीनवर ठेवावं लागलं तर ठेवू, पण मला कुणी विचारत नाही. मला कुठं जायचं नाही. माझ्या घरात, माझ्या खाटेवर जायचंय. असं म्हणणं चुकीचं आहे का? अजून एक विचारते, हसू नका. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचे. औंदा मला कुणीच बोलावलं नाही. लघवीची पिशवी लावलीय, केस गेलेत. मी बोलावलं तर येतील का?

मावशी, हसायचं काय त्यात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, नातवाला सांगा अक्षर खरंच छान आहे.

शेवट आपल्या घरातच व्हावा म्हणणं अजिबात चुकीचं नाही, आणि कायदाही तुमच्या बाजूनं आहे. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये सांगितलंय की आजार बरा होण्यासारखा नसेल तेव्हा नुसता जीव लांबवणारे मशीनचे उपचार नकोत असं माणूस आधीच लिहून ठेवू शकतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही एवढ्यावर होतं. पूर्वी मॅजिस्ट्रेटकडं जावं लागायचं. घरच्यांपैकी कुणाशी डॉक्टरांनी बोलायचं तेही त्यात नावानं लिहितात, म्हणजे ऐन वेळेला चार जण चार बोलत नाहीत. पण कागदाच्या आधी मुलाशी बोला. तो मशीन मशीन करतोय कारण आईसाठी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये याची त्याला भीती आहे. तुम्हीच त्याला म्हणा, बाळा, तू केलंस सगळं, आता माझं ऐक. हे तुमच्या तोंडून निघालं की त्याला पुढं कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही.

घरी राहायचं तर काही गोष्टींची तयारी लागेल. रात्री दुखलं, धाप लागली, रक्त गेलं तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि ते औषध आधीच घरात आणून ठेवा. शेवटी घाबरून घरचे ॲम्ब्युलन्स बोलावतात ते बहुतेक वेळा याच तयारीच्या अभावी. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते तेही त्यांना सांगा, दुखण्याची, एकटं असण्याची, की मागं मालकांचं कोण बघेल याची. ते विचारणार नाहीत बहुतेक, तुम्हीच काढा विषय.

आता हळदीकुंकू. बायका तुम्हाला बोलवत नाहीत ते मला वाटतं त्यांना काय बोलावं सुचत नाही म्हणून, काहींना आजाराची भीतीही असेल. तुम्ही बोलवा, मावशी. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. सगळ्यांना एकदम नको, दमाल, पाच-पाच जणींना तीन दिवस बोलवा. दुपारची दुखण्याची गोळी घेतल्यावर तासाभरानं, म्हणजे अंगात हुशारी असेल तेव्हा, आणि अर्ध्या तासात उठायचं हे सुनेनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. लघवीची पिशवी आधी रिकामी करून घ्या, तिला कापडी खोळ शिवा आणि खाटेला खालच्या बाजूला अडकवा, साडीचा घोळ सोडला की कुणाला दिसत नाही, फक्त पिशवी कमरेच्या वर कधी उचलायची नाही. केसांवरनं पदर घ्या, नाहीतर घेऊही नका, तुमची मर्जी. उभं राहवत नसेल तर खाटेवर बसूनच कुंकू लावा, त्या वाकतील. तिळगूळ नातवाच्या हातानं द्या.

वाण काय लुटायचं ते मात्र सुनेला ठरवू देऊ नका, तुम्ही सांगा आणि ती आणेल. आणि एका दिवशी मलाही बोलवा.